थेंब पळाला तर ओत

"आधी थेंब टाक. थेंब पळाला तर ओत. बसून राहिला तर तूही गप्प बसून राहा, घाई करू नकोस."

मित्रांनो, हे शब्द माझ्या कानावर पडले तेव्हा मला भट्टीतून बाहेर येऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. बोलणारी होती तेवाबेच, मला घडवणारी. ऐकणारी होती यशीवर्क नावाची एकोणीस वर्षांची नवी नवरी. ती मला न्यायला आली होती आणि "हो, हो" म्हणत मान डोलावत होती. तिला त्यातलं किती कळलं होतं ते मरियम मातेलाच ठाऊक.

मी एक जुना मिताद आहे. मिताद म्हणजे इंजेरा भाजायचा मातीचा तवा. दोन हात पसरले तर कसाबसा कवेत यावा एवढा माझा घेर, आणि रंग विचाराल तर कावळ्याने लाजावं असा. इंजेरा म्हणजे तुमच्या आंबोळीचीच लांबची बहीण समजा, फक्त अंगाने आडमाप वाढलेली. खसखशीएवढ्या तेफच्या दाण्याचं पीठ तीन दिवस आंबवायचं, त्याची धार माझ्या पाठीवर कडेकडून आत गोल गोल फिरवत आणायची. पीठ आपणहून पसरतं, कडा एकमेकींना भेटतात आणि त्यावर हजार बारीक डोळे उघडतात. डोळे उघडले की झाकण घालायचं. ज्या इंजेराला डोळे नाहीत तिला आमच्या गोज्जाम मुलखात आंधळी म्हणतात आणि पाहुण्यापुढे ठेवत नाहीत.

माझा जन्म ओढ्याकाठच्या कुंभारवस्तीतला. तेवाबेचने काठची काळी माती खणली, वाळवली, चाळली. मग तिने तिच्यात फुटक्या मितादांचा भुगा मिसळला. नुसत्या नव्या मातीचा तवा पहिल्याच आगीत तडकतो. आगीशी ओळख असलेलं काहीतरी पोटात असावं लागतं. म्हणजे बघा, माझ्या आधी किती घरांत राबलेले तवे माझ्या अंगात आहेत! तिने मला राखेच्या गादीवर थापलं, ओढ्यातल्या गोट्याने दोन दिवस घोटलं, शेणी आणि गवताच्या आगीत भाजलं. मी गरम असतानाच वाटलेली मोहरी फडक्यात घेऊन माझ्या पाठीवर चोळली. ते तेल मी असं प्यालो की विचारू नका. तहानलेलं वासरू पितं तसं! वरून गुळगुळीत दिसत असलो, तरी माझ्या पाठीला डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं आहेत. त्या छिद्रांत ते तेल जाऊन बसलं, जळलं, घट्ट झालं, आणि माझं कातडं बनलं.

आता एक गोष्ट सांगताना माझा आवाज थोडा उतरतो. कुंभारवस्तीतली मडकी सगळ्या गावाला लागतात. देवाच्या नावाने ज्यातून घोट घेतात ते भांडंही तिथलंच. पण त्या वस्तीतल्या लोकांबरोबर बसून कुणी घास खात नाही. त्यांची नजर लागते म्हणतात. का म्हणतात ते कुणालाच सांगता येत नाही. मला नेताना यशीवर्क मात्र हरखून म्हणाली होती, "याच्यावरची पहिली चांगली इंजेरा मी तुझ्याकडे घेऊन येईन. इथे, तुझ्या दारात बसून तुझ्याबरोबर खाईन. मरियमशप्पथ!"

तेवाबेच हसली. "बोलतात सगळ्याच," ती म्हणाली. "शपथेला कशाला बोलावतेस बिचारीला?"

पहिली चांगली इंजेरा निघाली तेव्हा यशीवर्कने ती फडक्यात गुंडाळलीही. सासू दारात आडवी आली. "कुंभारणीबरोबर जेवणार? घरात उद्या मूल येईल, त्याचा तरी विचार कर!" यशीवर्क थांबली. उद्या जाऊ म्हणाली, मग पेरणी झाल्यावर, मग बाळंतपण झाल्यावर. मित्रांनो, अशी तेवीस वर्षं गेली. बाजारात तेवाबेच समोर दिसली की यशीवर्क मान खाली घालून वाट बदलायची. बाकी तिच्याइतकी नेमाची बाई गावात नाही. बुधवार, शुक्रवारचा उपवास चुकला नाही, पहाटेची प्रार्थना चुकली नाही. ही एकच गोष्ट राहिली आणि ती तिला आतून टोचत राहिली.

माझे मात्र ते दिवस मजेचे होते. आठवड्यातून दोनदा निलगिरीचा पाला चुलीत तडतडायचा, माझं अंग तापायचं. यशीवर्क बोटांनी पाणी शिंपडायची. थेंब आधी नुसता बसायचा आणि चुर्र होऊन मरायचा. थोड्या वेळाने टाकलेला थेंब मात्र गोळी होऊन माझ्या पाठीवर नाचत सुटायचा. स्वतःच्याच वाफेवर तरंगायचा! मला गुदगुल्या व्हायच्या. मग पीठ, मग डोळे, मग झाकण. गवताच्या विणलेल्या तबकडीवर इंजेरा अलगद सरकली की शेजारची एत्ये बिर्के हटकून डोकावायची. एत्ये म्हणजे ताई. ही ताई जिभेने अंमळ तिखट.

"तुझा मिताद आहे का आरसा गं?" ती म्हणायची. "माझ्या तव्यावरची इंजेरा निघायला तीन माणसं आणि एक बैल लागतो."

पुढे यशीवर्कचा नवरा गेला. घरात ती आणि मुलगी मेकलित, दोघीच उरल्या. मेकलित हुशार. बहिर दार शहरातल्या विद्यापीठात शिकायला गेली. मामाने राजधानीतून, अदिसहून विजेचा मिताद पाठवला आणि माझी रवानगी कोंबड्यांच्या खुराड्यामागे झाली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण एका तांबड्या कोंबडीने माझी पाठ पसंत केली. माझ्यावर गवत पसरून ती एकवीस दिवस बसली आणि नऊ पिल्लं उबवली. इतकी वर्षं मी भाजत आलो होतो. नुसती ऊब द्यायची पाळी पहिल्यांदाच आली. तेही छानच होतं. सणासुदीला तेवढं यशीवर्क मला बाहेर काढायची, झटकायची, मोहरी चोळायची आणि चुलीवर चढवायची.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या गावात मरियमच्या नावाचं एक मंडळ आहे. दर महिन्याच्या एकवीस तारखेला एकेका घरी पाळी असते. प्रार्थना होते, गोरगरिबांसकट सगळे जेवतात आणि शेवटी त्सिवा नावाचं मातीचं भांडं पुढच्या यजमानाच्या हाती जातं. ते हाती घेताना जे बोलाल ते सगळ्यांसमोर, देवासमोर. कापणीच्या हिदार महिन्यातली पाळी सगळ्यांत मोठी, आणि ती यंदा पहिल्यांदाच यशीवर्ककडे आली. भांडं हातात घेऊन ती हळू आवाजात म्हणाली होती, "चाळीस पानं वाढीन. माझ्या चुलीवरची, माझ्या मितादवरची. एकही इंजेरा उसनी नाही."

याच सुमारास मेकलित सुट्टीला घरी आली. बरोबर संगणक, भिंग, आणि बारीक नळीची एक पिचकारी. ती मला खुराड्यामागून ओढत बाहेर घेऊन आली तेव्हा तांबड्या कोंबडीने तिला दोन चोची मारल्या.

"हे काय आरंभलंयस?" यशीवर्कने विचारलं.

"एमाये," मेकलित आईला म्हणाली, "द्रव पदार्थ घन पदार्थावर कसा पसरतो त्याचं गणित मांडतेय मी. पीठ कसं पसरतं, कुठे थांबतं, का चिकटतं. ते गणित जमलं ना, तर कमी लाकडात चालणारा, कधीच न चिकटणारा तवा करता येईल."

"पीठ कसं पसरतं? ओतलं की पसरतं!"

"तसं नाही गं. हे बघ, अख्ख्या तव्याएवढ्या मापात पाहिलं तर पिठाचं वजन त्याला ढकलतं आणि पिठाचा घट्टपणा त्याला अडवतो. पण एकाच थेंबाची कड पाहिली तर तिथे वजनाला कुणी विचारत नाही. तिथे पाणी, माती आणि हवा यांची रस्सीखेच चालते. आणि त्याहून बारीक पाहिलं तर या मातीतली भोकं. एकच पीठ, पण तिन्ही मापांत त्याचे कायदे वेगळे. मला त्यांची गाठ घालायचीय."

"मग पडली का गाठ?"

"नाही ना," मेकलितचं तोंड एवढंसं झालं. "वर्ष झालं. माझ्या गणितातली इंजेरा दर वेळी तव्याला चिकटते."

"गणितातली चिकटू दे," यशीवर्क म्हणाली. "वीस तारखेला पंगतीसाठी भाजायचीय, ती चिकटायला नको."

आणि इथेच घात झाला, मित्रांनो. पुस्तकात लिहिलं होतं की थेंब मोजायचा तर पृष्ठभाग अगदी स्वच्छ हवा. पोरीने पुस्तकाचं ऐकलं. अठरा तारखेला आई बाजारात गेली असताना तिने मला ओढ्यावर नेऊन साबण लावला, काथ्याने खसाखसा घासलं, स्पिरिटने पुसलं, पुन्हा साबण लावला. तेवीस वर्षांचं माझं काळं कातडं फेसाबरोबर वाहून गेलं. मी विटकरी, उघडावाघडा, साबणाच्या वासाचा घरी आलो. मेकलित खूश! "बघ कसा लख्ख झालाय," ती मलाच म्हणाली. मी काय बोलणार? तिने माझ्यावर थेंब टाकला, आणि तो थेंब गोल राहिलाच नाही. चपटा होऊन पसरला आणि माझ्या पाठीत जिरून गेला. तिने तो आकडा मन लावून वहीत लिहिला आणि मला फडक्याखाली झाकून ठेवलं.

वीस तारखेला सकाळी यशीवर्कने चूल पेटवली. पीठ सुरेख आंबलं होतं. चार मोठ्या हंड्यांत बुडबुडे येत होते. तिने फडकं उचललं आणि तशीच उभी राहिली.

"मेकलित," ती अगदी हळू म्हणाली. ती रागावली की हळू बोलते. "याचं काय केलंस?"

"धुतला, एमाये. मापासाठी."

एत्ये बिर्के मदतीला आली होती. तिने माझ्याकडे पाहून तोंडावर पदर घेतला. "अगं बाई! मितादला आंघोळ घातली? मग आता त्याला पांढरी शाल पांघरा आणि न्या देवळात!"

यशीवर्कने तरी थेंब टाकून पाहिला. थेंब पळाला नाही. माझं अंग तापत गेलं, ती थांबली, पुन्हा टाकला; थेंब फसकन आत गेला. सकाळ सरत होती. शेवटी तिने देवाचं नाव घेऊन पीठ ओतलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो, पण पीठ पसरता पसरता माझ्या छिद्रांत घुसलं आणि तिथेच रुतून बसलं. डोळे उघडले, पण इंजेरा निघेना. तबकडी खाली सारली तर तिच्या चिंध्या झाल्या. दुसरीच्या झाल्या. पाचवीच्याही झाल्या.

"माझा मिताद घेऊन येते," बिर्के आता हसत नव्हती. "नाहीतर वीज आहे, तो दुसरा लाव. चाळीस माणसं यायची आहेत गं."

"मी मरियमसमोर बोललेय," यशीवर्क म्हणाली. "माझ्या चुलीवरची, माझ्या मितादवरची." तिचे हात पिठाने माखलेले होते. ते तसेच मांडीवर ठेवून ती चुलीशी खाली बसली. "एक शब्द आधीच मोडलेला आहे माझ्या नावावर. दुसरा कसा मोडू?"

मेकलितला त्या पहिल्या शब्दाची कथा ठाऊक नव्हती. पण आईला असं बसलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. ती पायांत चपला सरकवून ओढ्याच्या दिशेने पळत सुटली.

ती परत आली तेव्हा बरोबर इमामा तेवाबेच होती. इमामा म्हणजे आजी. आता खरोखरीच म्हातारी, काठी टेकत येणारी, पण बोटं तशीच जाड आणि शहाणी. ती कुंपणाशी थांबली. तिला आत या म्हणायची रीत नव्हती.

"आत ये," यशीवर्क म्हणाली. बिर्केने चमकून पाहिलं.

तेवाबेच माझ्याजवळ उकिडवी बसली. माझ्या पाठीवरून तिने बोट फिरवलं. तेवीस वर्षांनी तो स्पर्श! तिने मेकलितकडे पाहिलं. "कुणी न्हाऊ घातलं माझ्या लेकराला? तू? काय बघायचं होतं तुला?"

"थेंब कसा बसतो ते," मेकलित रडवेली होऊन म्हणाली. "पृष्ठभाग स्वच्छ लागतो म्हणून..."

"घाण होती का ती? ते त्याचं खाल्लेलं-प्यायलेलं होतं, पोरी. उपाशी तवा पीठ खातो. भरल्या पोटाचा तवा पीठ सोडतो. घासू नका आता. खाऊ घाला. आधी नुसता तापू द्या, पोटातला साबण जळू दे. मग मोहरी. धूर थांबला की पुन्हा मोहरी. असं चार वेळा. पहिल्या दोन-तीन फाटतील, त्या कोंबड्यांना टाका, रडत बसू नका."

बिर्के पळाली आणि घरातली होती नव्हती तेवढी मोहरी घेऊन आली. पाटा खडखडू लागला. मी तापलो, पोटातल्या साबणाचा घाणेरडा धूर निघाला, सगळ्या खोकल्या. मग मोहरीचं फडकं माझ्या पाठीवर फिरलं, आणि काय सांगू! ते तेल बोळाबोळांतून आत शिरलं, प्रत्येक छिद्राच्या तळाशी जाऊन बसलं. मेकलितने भिंग काढलं. प्रत्येक फेरीनंतर ती एक थेंब टाकायची आणि बाजूने वाकून पाहायची. पहिल्यांदा थेंब थोडासा बसता झाला. दुसऱ्यांदा त्याने कड उचलली. तिसऱ्यांदा तो जपमाळेच्या मण्यासारखा गोल उभा राहिला.

मेकलित एकदम जमिनीवर बसली. हातातली पेन्सिल गळून पडली.

"काय गं, भाजलं का?" बिर्के ओरडली.

"नाही, एत्ये," मेकलित हसू लागली, रडू लागली, काय ते तिलाच कळेना. "मी वर्षभर अशा तव्याचं गणित करत होते, जो कुणाच्याच घरात नाही! कोरडी, स्वच्छ, उपाशी माती. म्हणून चिकटत होती गं माझी इंजेरा. भोकं मी धरली होती, पण ती रिकामी धरली होती!"

"एवढं शिकून हे कळलं?" तेवाबेच म्हणाली. "मला विचारायचं होतंस. मी काय, ओढ्यावरच असते." आणि मग चुलीकडे बघत, कुणाकडेच न बघता तिने पुढे जोडलं, "माझ्याकडे यायला निघालेली एक इंजेरा अजून वाटेतच आहे म्हणतात. तेवीस वर्षं झाली. बरीच जाड असणार, हळू चालते."

बिर्के फिसकन हसली आणि मग आपण का हसलो ते न कळून थांबली. यशीवर्कचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. तिने मान खाली घातली. तेवाबेच काठी टेकत उठली आणि निघून गेली. पाणीसुद्धा न घेता. कुणी विचारलंच नव्हतं.

चौथी मोहरी झाली. यशीवर्कने थेंब टाकला. थेंब बसला. ती बसून राहिली. पुन्हा टाकला.

थेंब पळाला! माझ्या या काठापासून त्या काठापर्यंत नाचत, उड्या मारत!

"ओत!" मेकलित आणि बिर्के एकदम म्हणाल्या.

दोन फाटल्या, त्या कोंबड्यांच्या पंगतीला गेल्या. तिसरी अर्धी निघाली. चौथीची धार यशीवर्कने कडेकडून आत आणली, पीठ सरसर पसरलं, भेटलं, आणि सगळीकडे एकदम डोळे उघडले, जणू माझ्या पाठीवर हजार मुलं झोपेतून जागी झाली. झाकण निघालं. तबकडी खाली सरकली आणि इंजेरा पाण्यावरच्या पानासारखी अलगद वर आली. बिर्केने जिभेने लुलुलुलु असा आनंदाचा घोष केला, दोन शेजारणी धावत आल्या आणि त्यांनीही केला. मी आयुष्यात पुष्कळ कौतुक ऐकलंय, पण इतकं गोड कधी वाटलं नाही. मावळतीपर्यंत आम्ही भाजत होतो. चाळीस पानांना पुरून उरतील एवढ्या झाल्या. ती पहिली चांगली इंजेरा मात्र यशीवर्कने त्या ढिगात ठेवली नाही. स्वच्छ फडक्यात गुंडाळून ती वेगळी ठेवली. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

मित्रांनो, मी आता खुराड्यामागे राहत नाही. माझी जागा चुलीवर आहे, आणि तांबड्या कोंबडीला मेकलितने टोपली दिली आहे. मेकलितच्या गणितात आता तेल आलं आहे, आणि तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तेवाबेचचं नाव आहे. तुम्हाला माझं एवढंच मागणं: घरातली जुनी वस्तू काळी दिसली म्हणून तिला लगेच खरवडायला धावू नका. ती रोज हाताळणाऱ्याला आधी विचारा, तिच्यात काय मुरलंय ते. आणि ती घडवणारे हात कुठे राहतात, कुणाबरोबर जेवतात, तेही एकदा विचारा.

आणि हो, गोष्टीचं शेवटचं टोक राहिलंच. एकवीस तारीख उजाडली. देवळातली प्रार्थना दुपार कलेपर्यंत चालली. उपवास सुटायची वेळ होत आली. अंगणात गवत अंथरलं होतं, मसुरीच्या आणि शिरोच्या, म्हणजे आमच्याकडच्या पिठल्याच्या, हंड्यांतून वाफ येत होती. यशीवर्कने मेकलितला जवळ बोलावून वाढायचा डाव तिच्या हातात दिला आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. मेकलितने आईकडे पाहिलं आणि मान डोलावली.

मग यशीवर्कने ते फडकं टोपलीत ठेवलं, वर शिरोची वाटी ठेवली, आणि मागच्या कुंपणाने बाहेर पडली. चुलीवरून मला दारातून ती वाट दिसते. समोरून मंडळाच्या बायका पांढऱ्या शाली पांघरून येत होत्या. कुणीतरी विचारलं, "यजमानीणबाई, कुठे?" तिने डोक्यावरची शाल सावरली. मान खाली घातली नाही. टोपली छातीशी धरली आणि ओढ्याची उतरण उतरू लागली.